एसीतला गॅस ‘संपत’ नाही!

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी एक प्रस्ताव जाहीर केला. देशातील वातानुकूलन यंत्रांचे तापमान २० अंशांच्या खाली आणि २८ अंशांच्या वर नेता येणार नाही अशी मर्यादा घालण्याचा तो प्रस्ताव होता. त्यानंतर आठवडाभर वृत्तवाहिन्यांवर आणि समाजमाध्यमांवर त्यावर घनघोर चर्चा झाली. कोणी याला स्वातंत्र्यावरील घाला म्हटले, कोणी देशभक्तीचे पाऊल. देशाच्या शीतकरणाचा सारा प्रश्न जणू रिमोटवरील दोन आकड्यांत सामावला होता.

त्या आकड्यांचे महत्त्व मी नाकारीत नाही. तापमान एका अंशाने वाढवून ठेवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. १ जानेवारी २०२० पासून तारांकित घरगुती एसी २४ अंशांवरच सुरू व्हावेत, हा नियमही योग्यच होता. माझी तक्रार वेगळी आहे. रिमोटवर एवढे रण माजवणाऱ्या आपण विज्ञानप्रेमी मंडळींनी दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद या सगळ्या पट्ट्यात दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये बाल्कन्याबाल्कन्यांतून घडणाऱ्या एका गोष्टीकडे कधी ढुंकूनही पाहिलेले नाही. होळी सरते, पंखे फिरू लागतात, आणि घरोघरी मेकॅनिकला बोलावणे जाते. तो येतो, बाहेरच्या युनिटला प्रेशर गेज लावतो, काटा पाहतो आणि म्हणतो, “गैस कम है जी, भरवा लीजिए.” आपण पैसे देतो. उन्हाळ्याची तयारी झाली असे समजतो.

माझे म्हणणे असे आहे : उन्हाळ्याच्या तोंडावर ‘गॅस भरून घेणे’ ही देखभाल नव्हे. ती अवैज्ञानिक, खर्चिक आणि वातावरणास घातक अशी प्रथा आहे. जी मंडळी ओझोनच्या थरावर निबंध लिहितात, हवामान परिषदांच्या बातम्या वाचतात आणि पाठवतात, त्यांनी तरी ती मुकाट्याने चालू देऊ नये.

बंद नळीतले साधे भौतिकशास्त्र

एसीत जो ‘गॅस’ असतो त्याचे शास्त्रीय नाव प्रशीतक. तो पेट्रोलसारखा जळत नाही, साबणासारखा झिजत नाही. खोलीतील कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि त्या बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता तो खोलीतील हवेतून शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबून तापवतो. बाहेरच्या कॉइलमध्ये ती पुन्हा द्रवरूप होते आणि उष्णता बाहेर टाकते. मग एका अरुंद वाटेने दाब उतरतो आणि द्रव पुन्हा खोलीकडे वळतो. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बंद नळीत हे चक्र वर्षानुवर्षे फिरत राहते. घरातील फ्रिजही याच तत्त्वावर चालतो. पंधरा-पंधरा वर्षे चाललेल्या फ्रिजमध्ये आपण दर उन्हाळ्यात गॅस भरतो काय?

म्हणजे एसीतील गॅस कमी झाला असेल, तर त्याचा अर्थ एकच : तो कुठून तरी गळाला आहे. गळती शोधून ती बुजवल्याशिवाय नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. फरक इतकाच, की घागरीतील पाणी जमिनीत मुरते आणि हा वायू वातावरणात जाऊन पृथ्वी तापवतो.

हा काही मूठभर घरांचा प्रश्न नव्हे. दिल्लीस्थित ‘आयफॉरेस्ट’ या संस्थेने २०२५ मध्ये दिल्ली, मुंबई, पुणे यांसह सात शहरांतील तीन हजारांहून अधिक कुटुंबांच्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ४० टक्के एसींमध्ये दरवर्षी गॅस भरला जातो, असे त्यात आढळले. ज्या यंत्राची रचनाच मुळी बंद चक्राची आहे, त्यात वर्षाआड नव्हे, दरवर्षी भर घालावी लागते, ही बाब राष्ट्रीय चर्चेचा विषय व्हायला हवी होती. चर्चा मात्र झाली ती २० की २४ याची.

गेजचा काटा काय सांगतो आणि काय सांगत नाही

“पण मेकॅनिकने गेज लावून दाखवला ना!” हा आक्षेप येणारच. म्हणून जरा मोजमापाविषयी बोलू.

२९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर येथील स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सियस तापमान नोंदवले. जगभर मथळे झळकले. हवामान खात्याने तपासणी केली तेव्हा तेथील संवेदक प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे ३ अंश अधिक दाखवीत असल्याचे निष्पन्न झाले. त्या वेळी आपणच सर्वांना शिकवत होतो, की एका उपकरणाच्या एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये, आधी मोजमापाची परिस्थिती तपासावी. हाच न्याय आपल्या बाल्कनीतील गेजला का लावू नये?

गेज दाब दाखवतो. यंत्रात गॅस किती आहे, हे तो सांगत नाही. दाब अनेक कारणांनी उतरतो. फिल्टरवर धुळीचा थर बसला असेल तर कॉइलवरून हवा कमी वाहते. हवा कमी म्हणजे कॉइलला मिळणारी उष्णता कमी, बाष्पीभवन कमी, आणि परतीच्या नळीतील दाबही कमी. कॉइलवर कधी बर्फही जमतो. अननुभवी डोळ्याला ही सारी लक्षणे ‘गॅस कमी’ची वाटतात. प्रत्यक्षात दुखणे नळाखाली धुऊन बरे होण्यासारखे असते.

दुसरे कारण ऋतूचे आहे आणि दिल्लीत ते फार महत्त्वाचे आहे. मार्चच्या सकाळी बाहेरची हवा पंचवीस अंशांची असते. बाहेरची कॉइल तेव्हा सहज थंड होते, म्हणून यंत्रातील दाब मुळातच कमी असतात. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना तेच दाब आपोआप चढतात. मार्चमधला काटा पाहून तो मे महिन्याच्या आकड्याशी जुळेपर्यंत गॅस भरला, तर यंत्रात गरजेपेक्षा जास्त गॅस जातो. तो जादा द्रव बाहेरच्या कॉइलमध्ये साचतो, उष्णता फेकण्यासाठी उरलेली जागा आकुंचन पावते, दाब आणखी चढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो. ऐन लाटेच्या दुपारी एसी ‘ट्रिप’ होतो. मग पुन्हा मेकॅनिक येतो आणि पुन्हा गेज लावतो.

तिसरे कारण इन्व्हर्टर तंत्राचे. या यंत्रांत कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे बदलतो आणि वेगाबरोबर दाबही बदलतो. यंत्र ठरावीक चाचणी-अवस्थेत चालवल्याशिवाय घेतलेल्या एका नोंदीला फारसा अर्थ उरत नाही. गॅसचे प्रमाण ठरवण्याचा भरवशाचा मार्ग एकच आहे : तराजू. प्रत्येक आउटडोर युनिटच्या पट्टीवर प्रशीतकाचे नाव आणि त्याचे वजन छापलेले असते. यंत्र रिकामे करून तेवढेच वजन मोजून भरणे, ही खरी पद्धत. गेल्या उन्हाळ्यात तुमच्या घरी आलेल्या मेकॅनिककडे तराजू होता काय, हे आठवून पाहा.

दिल्लीची हवा, दिल्लीचे नाले आणि तांबे

मग दिल्ली परिसरात गळती खरोखर होते का? होते. आणि तिची कारणे शोधली तर या महानगराविषयी बरेच काही कळते.

शहादरा नाला आणि नजफगढ नाला यांतून सांडपाणी यमुनेला मिळते. सांडपाणी कुजताना हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार होतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास नाल्याकाठच्या रहिवाशांना वेगळा सांगायला नको. हा वायू तांब्यावर हल्ला करतो आणि काळे कॉपर सल्फाइड तयार होते. कॉइलची नळी पातळ असते. ती काळी पडते, पोखरली जाते आणि एक दिवस सूक्ष्म भोकातून गॅस झिरपू लागतो. नोएडा आणि गाझियाबादमधील नाल्यालगतच्या वसाहतींत राहणारे लोक, कॉइल वारंवार निकामी होते, भांडी आणि विद्युत-जोड काळे पडतात, अशा तक्रारी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही त्यामागची अभिक्रिया लिहून दाखवील.

दुसरा शत्रू घराच्या आतला आहे. प्लायवूड, गोंद, रंग, काही स्वच्छता-द्रव्ये यांतून फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्लाचे अंश हवेत मिसळतात. ओलाव्याच्या साथीने ते तांब्यात इतके बारीक, वेडेवाकडे बोगदे कोरतात, की सूक्ष्मदर्शकाखाली ते मुंग्यांच्या वारुळासारखे दिसतात. या क्षरणाला नावही वारुळावरूनच पडले आहे. योगायोग असा, की फॉर्मिक आम्लाचे नावही मुंगीच्याच लॅटिन नावावरून आलेले आहे. नव्या सदनिकेत प्लायवूडची कपाटे लावून खिडक्या बंद ठेवल्या, तर या क्षरणाला हवी ती सारी सामग्री आयती मिळते.

याखेरीज निकृष्ट जोडणी आहेच : घाईत केलेले नळीचे तोंड, कमी-जास्त आवळलेले नट, दरवर्षी गेज लावून-काढून सैल झालेली झडप. म्हणजे जे गेज गळती ‘तपासायला’ लावले जाते, ते लावण्या-काढण्यातही थोडा गॅस सुटतोच.

आता विचार करा. नळी पोखरली जाणे हा एक पुरावा आहे. आपल्या दारातील नाल्यात काय वाहते आणि आपल्या बंद खोलीतील हवेत काय मिसळले आहे, याची ती नोंद आहे. दरवर्षी मुकाट्याने गॅस भरला, की हा पुरावा पुसला जातो. नाला तसाच राहतो, हवा तशीच राहते, आणि आपल्या हातात राहते फक्त पावती. तीही मिळाली तर.

हिशेब

“थोडासा गॅस गळाला तर असे काय आभाळ कोसळते?” असे विचारणाऱ्यांसाठी साधे गणित मांडतो.

कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत एखादा वायू शंभर वर्षांत किती पट तापवतो, याला त्याची तापनक्षमता म्हणतात. जुन्या एसींतील आर-२२ ची तापनक्षमता १,८१० आहे. त्यानंतर आलेल्या आर-४१०ए ची २,०८८ आहे. आज बहुतेक नव्या यंत्रांत असलेल्या आर-३२ ची ६७५ आहे. दीड टनाच्या घरगुती एसीत आर-३२ साधारण पाऊण ते एक किलो असते. ८०० ग्रॅम धरले, तर ते सारे गळणे म्हणजे ५४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे.

आता विजेकडे पाहू. दीड टनाच्या पंचतारांकित एसीच्या लेबलवर वर्षाला सुमारे साडेसातशे युनिट वीज लागेल असे लिहिलेले असते. भारतीय वीजजालात एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. साडेसातशे युनिटांचा हिशेब होतो सुमारे ५२५ किलो.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एकदा पूर्ण गॅस गळणे हे त्या यंत्राने लेबलप्रमाणे वर्षभर चालून केलेल्या प्रदूषणाच्या तोडीचे आहे. यंत्रात आर-४१०ए असेल, तर एक किलोची गळती दोन टनांवर जाते, म्हणजे जवळजवळ चार वर्षांच्या विजेएवढी. शिवाय आर-३२ वातावरणात सुमारे पाच वर्षेच टिकतो, म्हणून त्याचा तडाखा सुरुवातीच्या काळात एकवटलेला असतो. शंभरऐवजी वीस वर्षांचा कालखंड धरला, तर त्याची तापनक्षमता अडीच हजारांच्या आसपास जाते. ज्या वीस वर्षांत आजच्या विद्यार्थ्यांना आपले आयुष्य उभारायचे आहे, तीच ही वीस वर्षे.

म्हणजे २४ अंशांवर एसी लावून वीज वाचवणारा सजग नागरिक दर मार्चमध्ये बाल्कनीतून ती सारी बचत, आणि वर आणखी काही, हवेत सोडून देत असेल. त्याला कोणी तसे सांगितलेलेच नाही.

लेबल, करार आणि कृती आराखडा यांतल्या फटी

या अज्ञानाला केवळ मेकॅनिक किंवा ग्राहक जबाबदार नाही. व्यवस्थेनेच ही फट सोडली आहे.

पहिली फट लेबलची. एसीवरील तारे हंगामी ऊर्जा कार्यक्षमतेवर ठरतात. हा हिशेब बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंशांच्या दरम्यान आणि वर्षाला १,६०० तास वापर असे धरून केला जातो. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंशांची नोंद झाली. त्या दिवशी तुमचे यंत्र लेबलच्या जगाबाहेर काम करीत होते. आणि लेबलवरील तारे यंत्रात योग्य प्रमाणात गॅस आहे असे गृहीत धरतात. गळक्या, कमी किंवा जास्त भरलेल्या यंत्राचे तारे किती उरतात, हे कोणी छापत नाही.

दुसरी फट आंतरराष्ट्रीय कराराची. ऑक्टोबर २०१६ मध्ये किगाली येथे माँट्रियल करारात दुरुस्ती झाली आणि भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. त्यानुसार आपला हायड्रोफ्लुरोकार्बनांचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आहे, २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. ही मोठीच गोष्ट आहे. परंतु हा करार उत्पादन आणि वापर मोजतो. आधीच बसवलेल्या यंत्रांतून होणारी गळती थेट मोजत नाही. “किगाली आहे ना, मग होईल सारे ठीक” असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की २०४७ पर्यंत दिल्लीच्या भिंतींवर टांगलेली यंत्रे गळायची थांबणार नाहीत.

तिसरी फट आपल्याच आराखड्याची. मार्च २०१९ मध्ये भारताने राष्ट्रीय शीतकरण कृती आराखडा प्रसिद्ध केला. २०३७-३८ पर्यंत प्रशीतकांची मागणी २५ ते ३० टक्क्यांनी कमी करणे आणि २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देणे, अशी उद्दिष्टे त्यात होती. दुरुस्ती-सेवेचे महत्त्व ओळखणारा हा दस्तऐवज खरोखर दूरदृष्टीचा होता. पण प्रमाणपत्र मिळालेल्या तंत्रज्ञालाही जर पैसे ‘फेरीमागे’ मिळणार असतील, तर तो प्रशिक्षणात शिकलेले वापरणार कधी? गळती शोधायला आणि बुजवायला काही तास लागतात. गॅस भरायला पंधरा मिनिटे पुरतात. बाजार पंधरा मिनिटांनाच दाम देतो.

म्हणून मेकॅनिकवर चोरीचा आळ घेणाऱ्या विनोदांत मला रस नाही. नोएडातील विसाव्या मजल्यावर कंबरेला पट्टा न बांधता कठड्यावर उभा राहणारा तो मुलगा या साखळीतील सर्वांत दुबळा दुवा आहे. निर्वात पंप, तराजू, जुना गॅस परत साठवण्याचे यंत्र हे सारे महाग आहे आणि ते त्याच्या हाती देण्याची जबाबदारी कोणीही घेतलेली नाही. यंत्र विकताना कंपनी तारे मिरवते, वार्षिक देखभालीचा करार विकताना सेवासंस्था ‘गॅससहित’ असे ठळक अक्षरांत छापते. गॅससहित! म्हणजे गळती गृहीतच धरलेली. ज्या दिवशी ‘गळतीविरहित’ असा करार बाजारात येईल, त्या दिवशी काही बदलले असे म्हणता येईल.

‘एसी ही चैनच आहे’ म्हणणाऱ्यांस

एका बाजूने असाही सूर निघतो, की एसी मुळात चैन आहे. माठ, वाळ्याचे पडदे आणि गच्चीवरची झोप यांवर आपले आजोबा जगलेच ना! या मंडळींना १९ जून २०२४ ची आठवण करून देतो. त्या दिवशी सफदरजंगचे किमान तापमान ३५.२ अंश होते. किमान! रात्रभर शरीराला उष्णता बाहेर टाकायला उसंतच मिळाली नाही. त्याच दिवशी दिल्लीच्या विजेच्या मागणीने ८,६५६ मेगावॉटचा विक्रम केला. अशा रात्री वृद्ध, बाळंतीण, आजारी माणूस यांना थंड खोली हे औषध असते. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांना लाजवून ज्यांच्याकडे नाही त्यांची खोली थंड होत नाही.

उलट गळक्या यंत्राचा भुर्दंड बहुधा शेजाऱ्याला पडतो. दीड टनाचा एसी खोलीतून सुमारे सव्वापाच किलोवॉट उष्णता उचलतो, तिच्यात स्वतः ओढलेली वीज मिळवतो आणि हे सारे गल्लीत फेकतो. यंत्र जितके आजारी, तितकी तीच थंडी देण्यासाठी त्याला वीज जास्त, आणि तितका गल्लीचा ताप जास्त. त्या गल्लीत कूलरवर किंवा नुसत्या पंख्यावर झोपणारे कुटुंब असते.

आणि दिल्लीत शिकायला आलेल्या आपल्या मराठी विद्यार्थ्यांनो, तुम्हाला तर हे रोजच भोगावे लागते. जुन्या राजेंद्रनगरात किंवा मुखर्जीनगरात स्पर्धा परीक्षेसाठी घेतलेल्या खोलीतला एसी घरमालकाचा, विजेचे बिल तुमचे. यंत्र चांगले ठेवण्यात मालकाचा लाभ नाही, आणि दुरुस्त करून घेण्याचा अधिकार तुम्हाला नाही. अर्थशास्त्राच्या पेपरात ‘विभाजित प्रोत्साहन’ म्हणून जे पाठ करता, ते डोक्यावरच्या भिंतीलाच टांगलेले असते. भाडेकरारात एका ओळीची भर घालायला सांगा : गळती झाल्यास दुरुस्ती मालकाकडे.

मग उन्हाळ्याची तयारी करायची कशी?

टीका करून थांबणे बरे नव्हे. करायचे ते इतकेच :

१. आधी वीज बंद करून फिल्टर धुवा. दिल्लीच्या धुळीत हंगामात दर पंधरवड्याला धुवा. यंत्राविषयी कोणतेही मत त्यानंतरच बनवा.

२. आउटडोर युनिटच्या कॉइलवर हिवाळ्याचा धुरकट थर आणि आंधीची माती बसलेली असते. ती कमी दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या. जोरदार फवाऱ्याने पत्रे वाकतात. युनिटसमोर कुंड्या, अडगळ, जाळ्या ठेवू नका. त्याला श्वास घेता आला पाहिजे.

३. पाणी निचऱ्याची नळी मोकळी आहे का आणि विजेचे जोड तापून काळे पडलेले नाहीत ना, हे पाहून घ्या.

४. स्वतः मोजा. एसी पूर्ण क्षमतेने पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान साध्या तापमापीने घ्या. कोरड्या दिवसांत दोहोंत साधारण ८ ते १२ अंशांचे अंतर असेल, तर यंत्र ठणठणीत आहे. गॅस भरण्याचे काहीही कारण नाही. पावसाळी दमट हवेत हे अंतर कमी भरते, तेही स्वाभाविक.

५. अंतर फारच कमी भरले, तर मेकॅनिकला गॅस भरायला सांगू नका, गळती शोधायला सांगा. साबणाच्या पाण्याने जोडांवर बुडबुडे दिसतात; सूक्ष्म गळतीसाठी नायट्रोजनचा दाब देऊन तपासतात. गळती बुजवल्यावर निर्वात पंपाने नळीतील हवा आणि ओलावा काढून मगच गॅस भरला पाहिजे. ओलावा राहिला तर कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याची अभिक्रिया होऊन आम्ल बनते आणि ते यंत्राला आतून खाते.

६. उरलेला जुना गॅस हवेत सोडू देऊ नका. तो सिलिंडरमध्ये परत घेण्याचा आग्रह धरा. आर-३२ मंदज्वलनशील आहे, हेही विसरू नका. ३० मे २०२४ रोजी नोएडाच्या सेक्टर १०० मधील एका उंच इमारतीत एसीच्या स्फोटातून आग लागल्याचे वृत्त सर्वत्र झळकले. त्या घटनेचा निवाडा करणे माझे काम नव्हे. पण नळीत हवा राहिलेली, अंदाजाने भरलेली आणि उन्हात भाजणारी यंत्रे धोकादायक असतात, हे सांगायला तपास अहवालाची गरज नाही.

७. बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या : गॅसचे नाव, भरलेले ग्रॅम, आणि गळती कुठे सापडली.

ही सातवी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मोटारीला प्रदूषणाचे प्रमाणपत्र लागते. मग टनभर कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा वायू पोटात बाळगणाऱ्या यंत्राला साधे सेवापत्रक का नसावे? त्या पत्रकात प्रत्येक वेळी भरलेले ग्रॅम नोंदले गेले पाहिजेत. कंपनीने यंत्र विकताना ते द्यावे, दुरुस्ती करणाऱ्याने भरावे, आणि ब्युरोने तारे देताना गळतीचा इतिहासही तपासावा. २०२२ चे ई-कचरा नियम यंत्र मोडीत निघाल्यावर त्याची जबाबदारी उत्पादकावर टाकतात. ते चांगलेच झाले. पण जो वायू यंत्राच्या हयातीतच दरवर्षी उडून जातो, त्याची जबाबदारी कोणावर?

विद्यार्थी मित्रहो, यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या सोसायटीतील किंवा वसतिगृहातील पन्नास एसी निवडा. आउटडोर युनिटवरील पट्टीचे छायाचित्र घ्या : कोणता गॅस, किती वजन, कोणत्या साली बनलेला. घरच्यांना विचारा, गेल्या तीन वर्षांत किती वेळा गॅस भरला, भरण्यापूर्वी फिल्टर धुतला होता का, गळती कोणी शोधली का. जवळ नाला असेल तर त्याचे अंतर नोंदवा. तक्ता करा, तापनक्षमतेने गुणा आणि बेरीज खाली प्रतिक्रियेत लिहा. दिल्ली, पुणे, नागपूर, कुठूनही. रिमोटवरच्या आकड्याविषयी मते पुष्कळ झाली. या आकड्यांची बेरीज अजून बाकी आहे.

आणि पुढच्या मार्चमध्ये बाल्कनीतून “गैस कम है” असे ऐकू आले, तर पाकीट काढण्याआधी एवढेच विचारा : “कितने ग्राम कम है, और गई कहाँ?”